विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्मसाठी सोलापुरात पैसे कसे उभे करायचे: क्रम, हिशेब आणि नेहमीच्या चुका

शॉर्टफिल्मसाठी पैसे मागायला निघालेली टीम बहुतेक वेळा शेवटचं काम सगळ्यात आधी करते. पोस्टर तयार होतं, इन्स्टावर ‘आम्हाला साथ द्या’ अशी पोस्ट पडते, खाली क्यूआर कोड. दोन दिवस वर्गातल्या मुलांचे पन्नास-शंभर रुपये येतात, मग काहीच येत नाही. आणि टीम ठरवून टाकते की सोलापुरात सिनेमाला कोणी पैसा देत नाही.

देतात. मंडळांची वर्गणी, जयंत्यांची वर्गणी, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतलं अन्नदान, सगळं याच गावात उभं राहतं. पण देणाऱ्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: किती हवेत, कशासाठी हवेत आणि मागणारा कोणाचा कोण. हे तयार नसताना मागितलं की नकार मिळतो, आणि एकदा नकार दिलेल्या माणसाच्या दारात पुन्हा जाणं फार अवघड असतं.

पुढचे टप्पे साधारण १५ मिनिटांच्या, वयात येणाऱ्या मुलामुलींच्या फिल्मसाठी आहेत. क्रम बदलू नका.

टप्पा १: स्क्रिप्ट पक्की करा आणि गोष्ट दोन वाक्यांत सांगायला शिका

स्क्रिप्ट अर्धवट असताना बजेट होत नाही, आणि बजेट नसताना पैसे मागता येत नाहीत. आधी स्क्रिप्ट संपवा. मग ती दोन वाक्यांत सांगा. ‘किशोरवयीन मनाच्या भावविश्वाचा हळुवार वेध’ असं ऐकून कापड दुकानाच्या मालकाला काहीही कळत नाही. असं सांगा: ‘विडी वळणाऱ्या आईची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या सहलीचे पैसे स्वतः मिळवायचे ठरवते. ती आईशेजारी विड्या वळायला बसते, आणि हजार विड्या म्हणजे किती तास हे तिला पहिल्यांदा कळतं.’ एवढं ऐकल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारतो. तिथून बोलणं सुरू होतं.

गोष्टीत पाळी, पहिलं प्रेम, जात, घरातली मारहाण असा नाजूक विषय असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. पैसे घेतल्यावर पडद्यावर बघून धक्का बसलेला देणगीदार पुढच्या बॅचचीही दारं बंद करतो.

याच टप्प्यावर स्क्रिप्टमधले महागडे सीन शोधा. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथल्या शूटला वेगळा परवाना आणि शुल्क लागतं. रेल्वे स्टेशनच्या आत शूट करायचं तर रेल्वेची परवानगी, फी, अनामत. फलाटावरचा निरोप स्टेशनबाहेरच्या रिक्षा थांब्यावर झाला तर गोष्टीचं काही बिघडतं का, हे लेखकाने शांतपणे तपासावं. बहुतेक वेळा बिघडत नाही.

तपासा: टीममधल्या प्रत्येकाने गोष्ट दोन वाक्यांत सांगून पाहावी. आठ जणांनी आठ वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: बजेट ओळीओळीने मांडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा. ‘दीड लाख लागतील’ हे बजेट नव्हे. प्रत्येक ओळीत दिवस, माणसं आणि दर हवा. खालचे दर नमुन्याचे आहेत. तुमचे दर भाड्याने देणाऱ्यांकडून व्हॉट्सअॅपवर लेखी मागवून भरा.

चार दिवसांचं शूट आणि सेटवर १८ माणसं धरू.

कॅमेरा आणि लेन्स: ६,००० × ४ = २४,०००
साउंड रेकॉर्डिस्ट, सामानासकट: ४,००० × ४ = १६,०००
लाइट: ३,००० × ४ = १२,०००
जेवण, चहा, पाणी: १८ × २५० × ४ = १८,०००
प्रवास: १०,०००
कपडे आणि सेटचं सामान: ८,०००
बालकलाकारांचं मानधन: ८,०००
परवानग्या, अर्ज, झेरॉक्स: ३,०००

शूटचे झाले ९९,०००. आता शूटनंतरचे. एडिट आणि कलर १०,०००, साउंड मिक्सिंग १२,०००, संगीत ६,०००, दोन हार्ड डिस्क १०,०००, महोत्सवांच्या प्रवेश फी ८,०००. हे ४६,०००. एकूण १,४५,०००. त्यावर १० टक्के अडीअडचणीचे धरले की १,५९,५०० रुपये.

हार्ड डिस्क दोन लागतातच. फुटेजची एकच प्रत ठेवून कोणाच्याही पैशांवर शूट करू नये. संगीताची ओळही खोडू नका. गड्ड्यातल्या पाळण्याच्या सीनला मागे एखादं सिनेमाचं गाणं वाजताना चांगलं वाटतं, पण हक्क न घेता ते वापरलं तर यूट्यूबवर दावा येतो आणि महोत्सवाच्या अर्जात हक्कांबद्दल खरं लिहिता येत नाही. आणि साउंडचे पैसे वाचवू नका. पूर्व भागातल्या घरात शूट असेल तर शेजारचे यंत्रमाग तुमच्यासाठी थांबणार नाहीत. चांगला रेकॉर्डिस्ट नसेल तर सगळे संवाद पुन्हा डब करावे लागतील.

पाण्याचा हिशेबही धरा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ज्यांच्या घरात शूट करता त्यांच्या पिंपातलं पाणी अठरा माणसांनी संपवायचं नसतं. जार विकत आणा.

बालकलाकारांमुळे दिवस वाढतात, हे वयात येण्याच्या गोष्टी करणारे हमखास विसरतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. शूटसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा प्रत्येक सीनमध्ये असेल तर बारा तासांचा दिवस तुमच्याकडे नाहीच. वरच्या दरांनी कॅमेरा, साउंड, लाइट आणि जेवण मिळून एक वाढीव दिवस १७,५०० रुपयांना पडतो. मग एक तर दिवस वाढवा, नाहीतर मुलाशिवायचे सीन त्याच दिवसाच्या उरलेल्या तासांत बसवा. हे मागण्याआधी ठरवा, शूटच्या दुसऱ्या दिवशी नाही.

सावधान: कलाकार दहावी-बारावीत असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते. त्या काळात पालक हो म्हणाले तरी तारीख धरू नका.

टप्पा ३: खातं, पावती आणि कायद्याच्या कडा

फिल्मसाठी वेगळं बचत खातं उघडा. दिग्दर्शकाच्या रोजच्या खात्यात देणगी आली की तिच्यात मेसचे आणि रिचार्जचे पैसे मिसळतात, आणि महिन्याभराने कोणालाच काही सांगता येत नाही. केवायसी पूर्ण असल्याची खात्री बँकेत जाऊन करा. अपुऱ्या केवायसीवर उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा करता येत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. ऐन वेळी पैसे अडकतात ते इथे.

खातं एकाने सांभाळावं आणि हिशेब दुसऱ्याने लिहावा. दर रविवारी खात्याचा उतारा टीमच्या ग्रुपवर टाका. मैत्री टिकवायची असेल तर हे करा.

येणारा प्रत्येक रुपया कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच दिवशी लिहा. देणगी म्हणजे परत न मागण्याच्या बोलीवर दिलेले पैसे. जाहिरात म्हणजे दुकानाचं नाव दाखवायच्या बदल्यात आलेले. उसने म्हणजे उसने. चौथा प्रकार, ‘फिल्म चालली की नफ्यात वाटा देऊ’, तोंडातूनही काढू नका. परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून पैसे गोळा केले की ठेवींविषयीच्या २०१९ च्या कायद्याशी गाठ पडू शकते, आणि विद्यार्थी फिल्ममधून नफा येईल असं सांगणं खरंही नसतं.

कराचं एक कलम लक्षात ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट एका व्यक्तीला मिळाली तर पूर्ण रक्कम तिचं उत्पन्न धरली जाते. कमाई नसलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात कर लागेलच असं नाही, पण ओळखीच्या सीएला अर्धा तास आधीच भेटा. ‘८०जीची पावती मिळेल का?’ असं व्यापारी विचारतात, म्हणजे देणाऱ्याला करात सवलत मिळवून देणारी पावती. व्यक्तीला किंवा विद्यार्थ्यांच्या गटाला ती देता येत नाही. नोंदणीकृत संस्थेलाच देता येते. कॉलेजच्या संस्थेकडे ती नोंदणी असेल आणि प्राचार्य तयार असतील तर पैसे संस्थेच्या खात्यातून घ्या, पण मग खर्चही संस्थेच्या नियमाने, कोटेशन मागवून होईल. त्याला वेळ लागतो.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, मागे धावण्यात महिना घालवू नका. तो कायदा ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफ्याच्या वरच्या कंपन्यांना लागू होतो, आणि तो पैसाही कंपनी स्वतः किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत खर्च करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखानदाराकडे जाऊन ‘सीएसआर’ म्हणू नका. तो देणार असेल तर स्वतःच्या खिशातून देणार आहे, आणि त्याच नात्याने त्याच्याशी बोला.

सावधान: भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारा ओळखीचा माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मित्राची देणगी मात्र परकीय देणगी कायद्याखाली येते. विचारल्याशिवाय क्यूआर कोड पाठवू नका.

टप्पा ४: आधी वस्तू मागा, मग पैसे

रोख देताना हात आखडतो, पण आपल्या धंद्यातली गोष्ट माणूस मोकळेपणाने देतो. सोलापूर शालेय गणवेश शिवणारं मोठं केंद्र आहे, आणि तुमच्या फिल्ममध्ये शाळेची मुलं आहेत. दहा गणवेश शूटपुरते द्या, धुऊन परत करतो, असं विचारणं सोपं आहे. खानावळीकडे फक्त दुपारचं जेवण मागा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे गाडी मागा आणि डिझेल तुम्ही भरा. टीममध्ये कोणाला चांगलं एडिट येत असेल तर तो खर्च वाचला.

वरच्या नमुन्यात दुपारचं जेवण मिळालं तर ९,०००, प्रवासाचे ५,०००, कपड्यांचे ४,००० आणि एडिटचे १०,००० वाचतात. मूळ खर्च १,४५,००० वरून १,१७,००० वर येतो, आणि १० टक्के धरून मागायची रक्कम १,२८,७०० होते. आता मागायला निघा.

तपासा: वस्तू देणाऱ्याचा शब्द तारीख आणि नगासकट मेसेजवर घ्या. ‘जेवणाचं बघू’ म्हणजे जेवण मिळालं असं नाही.

टप्पा ५: स्वतःचे, मग जवळच्यांचे

आठ जणांच्या टीमने प्रत्येकी २,५०० काढले तर २०,००० होतात. एकदम जमत नसतील तर भिशीसारखे दरमहा जमवा. दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘तुम्ही स्वतः किती घातले?’ याला उत्तर हवं. ज्याला रक्कम खरंच झेपत नाही त्याच्यावर दबाव आणू नका, तो कामाचे जास्त दिवस देईल.

मग प्रत्येकाने पंधरा नावं लिहायची: मामा, आत्या, शाळेतले सर, गल्लीतले काका, आणि विशेषतः पुण्यात नोकरीला गेलेली भावंडं. सोलापूरच्या फिल्मला पहिली मोठी मदत बहुधा पुण्यातूनच येते, कारण गाव सोडलेल्या माणसाला आपली गल्ली पडद्यावर बघायची फार इच्छा असते. ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. एकेकाला लिहा, रक्कम सांगा, मग फोन करा. मेसेज असा असावा:

‘दादा, कॉलेजमधले आम्ही आठ जण मिळून १५ मिनिटांची फिल्म करतोय, जानेवारीअखेर शूट आहे. विडी वळणाऱ्या आईची आणि तिच्या मुलीची गोष्ट आहे. आमचे स्वतःचे २०,००० जमा झालेत. साउंड रेकॉर्डिस्टच्या एका दिवसाचे ४,००० लागतात. त्यातले अर्धे, २,००० रुपये, तू देशील का? रविवारी संध्याकाळी फोन करतो.’

‘जमेल तेवढे दे’ असं लिहिलं की माणूस शंभर देतो किंवा विचारात पडून काहीच देत नाही. या टप्प्यातून २५,००० आले की हातात ४५,००० असतील, साधारण एक तृतीयांश. त्याआधी दुकानाची पायरी चढू नका.

टप्पा ६: दुकानं आणि कारखाने

आधी दिवस बघा. गणपती-नवरात्रात, गड्ड्याच्या जानेवारीत, शिवजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या आसपास व्यापारी आधीच वर्गणी देत असतो. मार्चमध्ये त्याचा हिशेब बंद होत असतो. गणवेशवाल्यांना एप्रिल ते जून मान वर करायला वेळ नसतो. दिवाळी उरकल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. शूट गड्डा संपल्यावर, परीक्षा आणि ऊन सुरू होण्याआधी बसवता येतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना शाळेच्या मैदानावर मुलांना उभं करू नका.

मग वेळ. बोहनी झाल्याशिवाय कोणाच्याही दुकानात पैसे मागायला जाऊ नका, आणि दिवेलागणीलाही जाऊ नका. नव्या पेठेत दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा. दोघांनीच जा, आठ जणांनी घोळका करू नका. पूर्व भागात जाताना घरात तेलुगू बोलणारा मित्र सोबत घ्या, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारा. भाषा जुळली की ‘कोणाचा तू?’ हा प्रश्न लवकर सुटतो.

सोबत काय न्यायचं: एका पानावर गोष्ट आणि बजेट, कॉलेजचं पत्र, जमलेल्या रकमेचा उतारा, पावतीपुस्तक. लॅपटॉप उघडून प्रेझेंटेशन दाखवू नका.

‘मालक, दहा मिनिटं आहेत का? नसतील तर कधी येऊ?’ अशी सुरुवात करा. गोष्ट सांगा, कागद द्या, रक्कम सांगा आणि गप्प बसा. ‘यात माझा काय फायदा?’ असं विचारलं तर खोटं बोलू नका. ‘किती लोक बघतील ते आज सांगता येत नाही. शेवटच्या पाटीवर तुमच्या दुकानाचं नाव येईल, कॉलेजच्या सभागृहातल्या पहिल्या खेळाला तुम्ही घरच्यांसह यायचं, आणि तिथल्या फलकावर नाव असेल.’ एवढंच कबूल करा. लाखभर व्ह्यूजचं आश्वासन देणाऱ्या मुलावर चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस विश्वास ठेवत नाही.

‘नंतर बघू’ म्हणाले तर तारीख मागा: ‘पुढच्या गुरुवारी येऊ का?’ गुरुवारी जा. सोलापुरात पैसा बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला निघतो, कारण पहिल्या फेरीत माणूस तुम्हाला पारखत असतो. आठ ठिकाणांहून प्रत्येकी ५,००० म्हणजे ४०,०००. त्यासाठी पंचवीस-तीस दारं चढायची तयारी ठेवा.

सावधान: विडी, तंबाखू, गुटख्याच्या ब्रँडकडून जाहिरात घेऊ नका. २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात आणि प्रायोजकत्व बंद आहे. विडी कामगारांवरची गोष्ट वेगळी आणि विडीच्या ब्रँडचं नाव वेगळं. राजकीय इच्छुकाने पैसे देऊ केले तर त्याचं नाव इतरांच्याच यादीत, त्याच आकारात येईल, फोटो येणार नाही, हे आधी सांगा. ‘तो सीन काढा, मग देतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

टप्पा ७: आता सगळ्यांपुढे मागा

८५,००० हातात आहेत, ४३,७०० उरलेत. आता क्यूआर कोड काढा. लोक अर्ध्याहून जास्त भरलेल्या घागरीतच पाणी घालतात. मुदत तीन आठवड्यांची ठेवा, जास्त नको.

व्हिडिओ दीड मिनिटाचा, फोनवर, जिथे शूट होणार त्याच गल्लीत. पहिल्या दहा सेकंदांत दिग्दर्शकाने नाव, गोष्ट आणि उरलेली रक्कम सांगावी. ड्रोन शॉट आणि पार्श्वसंगीत नको, आवाज स्वच्छ हवा.

क्राउडफंडिंगची वेबसाइट वापरायची का? आधी तिची फी, उद्दिष्ट पूर्ण झालं नाही तर पैसे मिळतात की परत जातात, आणि किती दिवसांनी खात्यात येतात हे वाचा. समजा फी ८ टक्के आहे. ४३,७०० वर ३,४९६ रुपये फी, त्यावर १८ टक्के जीएसटी ६२९, हाती ३९,५७५. इतक्या छोट्या रकमेला स्वतःचं यूपीआय आणि रोज अद्ययावत होणारी यादी पुरे, असं माझं मत आहे.

भेटवस्तूंचा मोह टाळा. टी-शर्ट छापून कुरियर करण्यात ५०० रुपयांच्या देणगीतले बरेचसे उडून जातात. नाव, खेळाचं आमंत्रण आणि फिल्मची लिंक एवढं पुरतं. पैसे आले त्याच दिवशी नावाने आभार माना.

टप्पा ८: शूट करायचं का, ते तारखेला ठरवा

शूटच्या दहा दिवस आधी बसून खातं बघा. एडिट टीमने सांभाळलं तरी शूटनंतरचे ३६,००० लागणारच आहेत. ते दुसऱ्या खात्यात किंवा ठेवीत बाजूला काढा. ते बाजूला काढून शूटचा खर्च भागत असेल तरच कॅमेरा बुक करा. हार्ड डिस्कमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या विद्यार्थी फिल्म बहुतेक याच एका चुकीने पडून आहेत: सगळे पैसे शूटमध्ये संपले, मिक्सिंगला उरले नाहीत.

रक्कम कमी पडली तर दिवस कमी करा, नाहीतर तारीख पुढे ढकलून देणगीदारांना तसं कळवा. शूटच रद्द झालं तर शिल्लक उलट क्रमाने परत करा: आधी दुकानदार आणि लोक, मग नातेवाईक, शेवटी टीम.

शूट संपल्यावर पंधरा दिवसांत हिशेबाचं एक पान प्रत्येक देणाऱ्याला पाठवा: जमा, ओळीओळीने खर्च, शिल्लक, आणि फिल्म कधी पूर्ण होईल तो महिना. वस्तू आणि जागा देणाऱ्यांची नावंही त्यात हवीत. गणवेश धुऊन, इस्त्री करून परत द्या. शिल्लक राहिली तर ती महोत्सवांच्या फीसाठी जाईल, हे आवाहनातच लिहिलेलं असावं, म्हणजे नंतर वाद होत नाही.